वाचक विचारतात : बेंगळुरूची लालबाग कशी पाहावी?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील कितीतरी घरांतली मुले नोकरीनिमित्त बेंगळुरूला स्थायिक झाली आहेत, आणि त्यांच्याकडे चार दिवस राहायला जाणारे आईवडील ‘तिथे आमच्यासारख्यांनी पाहावे असे काय आहे’ असे आम्हाला वरचेवर विचारत असतात. या वेळी आलेल्या पत्रांत लालबागेविषयीचे प्रश्न इतके होते, की हा सगळा स्तंभ तिलाच द्यावा असे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि प्रथेप्रमाणे नावांऐवजी गावे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. मुलगा व्हाइटफील्डला राहतो आणि त्याला रजा मिळत नाही. रात्रीच्या गाडीने सकाळी बेंगळुरूला उतरल्यावर त्याच्या घरी जाण्याआधी लालबाग पाहून घेता येईल का? सामान बरोबर असेल, शिवाय सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात. — खानापूर

येईल, आणि लालबाग पाहण्याची तीच उत्तम वेळ आहे. बेळगावहून रात्री सुटणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सकाळी बेंगळुरूला पोहोचते. यशवंतपूरला उतरा किंवा शहराच्या मुख्य म्हणजे क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्थानकावर उतरा, दोन्हीकडे मेट्रोची हिरवी मार्गिका हाताशी असते, आणि लालबाग स्थानक याच मार्गिकेवर असल्यामुळे मध्ये गाडी बदलावी लागत नाही. आपल्याजवळ सामान आहे म्हणून मुख्य स्थानकावरच उतरावे, ते तिथल्या क्लोकरूममध्ये ठेवावे (पिशव्यांना कुलूप लावलेले असावे) आणि शेजारच्या मॅजेस्टिक स्थानकातून मेट्रो धरावी. चिकपेट, के. आर. मार्केट, नॅशनल कॉलेज आणि मग लालबाग, असा हा अवघा चौथा थांबा आहे. बाग पाहून झाल्यावर याच मार्गाने मॅजेस्टिकला परतून, सामान घेऊन, जांभळ्या मार्गिकेने थेट व्हाइटफील्ड गाठता येते. ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून वंदे भारतही सुरू झाली आहे, परंतु ती सकाळी निघून दुपारी पोहोचते, त्यामुळे त्याच दिवशी बाग पाहायची असेल तर तिचा उपयोग नाही.

लालबागेला चार दरवाजे आहेत आणि मेट्रो स्थानक पश्चिम दरवाजाजवळ आहे. सकाळी सहा ते नऊ या वेळात फिरायला येणाऱ्यांकडून तिकीट घेतले जात नाही. नऊनंतर घेतले जाते, आणि त्याचा दर अधूनमधून बदलत असल्याने दरवाजावरचा फलक पाहणे बरे. आत खासगी वाहने फिरत नाहीत, ही आपल्यासारख्यांच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे, कारण बेंगळुरूच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या दुचाकीकडे जसे सतत कान ठेवावे लागतात तसे इथे ठेवावे लागत नाहीत.

बाग २४० एकरांची आहे. एका सकाळी ती सगळी पाहण्याचा हट्ट धरला तर पाय दुखतील आणि लक्षात काहीच राहणार नाही. पश्चिम दरवाजातून आत शिरल्यावर तलाव आणि काचगृह ही दोन ठिकाणे त्यामानाने जवळ पडतात आणि वाट बहुतेक सपाट आहे. म्हणून आपण आधी तलावाच्या काठाने सावकाश चालावे, कट्ट्यावर थोडे बसावे आणि पाणकावळे, बगळे, जांभळ्या पाणकोंबड्या यांची न्याहारी पाहावी. तेथून काचगृहाकडे वळावे. वाटेत पांढऱ्या सावरीचा एक अवाढव्य वृक्ष कुठे आहे हे तिथल्या माळ्यांना मुद्दाम विचारावे. त्याच्या बुंध्यापासून निघालेली आधारमुळे एखाद्या वाड्याच्या भिंतींसारखी उभी आहेत आणि माणूस त्यांच्या दोन पाख्यांच्या मध्ये उभा राहिला तर बाहेरून दिसत नाही. झाडांना हात लावू नये, बुंध्यावर चढू नये, हे सांगायला नको. तरीही कोवळ्या सालीवर नावे कोरणारे लोक तिथे दिसतात, म्हणून लिहिले.

ज्या खडकावर केंपेगौडांचा मनोरा आहे तो बागेच्या पूर्वेकडे आहे. चढ मोठा नाही, पण सलग आहे, पायऱ्या नाहीत आणि सावलीही नाही. गुडघे दुखत असतील तर पायथ्याच्या झाडाखाली बसून खडक पाहावा, वर एकाने जावे. पावसात तर कुणीच जाऊ नये, कारण तो पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आहे. आत फेरी मारून आणणाऱ्या बॅटरीच्या गाड्या आहेत. त्या मिळाल्या तर जरूर घ्याव्यात, परंतु पहिलीच फेरी गाडीतून मारू नये, कारण गाडी काचगृह, घड्याळ आणि पुतळे दाखवते, झाडे मागे पळतात.

न्याहारीसाठी मुख्य दरवाजाजवळच्या लालबाग रस्त्यावर १९२४ साली सुरू झालेले मावळ्ळी टिफिन रूम आहे. महायुद्धाच्या काळात तांदळाची टंचाई पडली तेव्हा रवा इडली इथेच जन्मली असे ते लोक सांगतात. रविवारी तिथे इतकी रांग असते, की दुखऱ्या गुडघ्यांना ती परवडणार नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी जाणार असाल तर थांबण्यासारखे आहे.

प्रश्न : सातवी-आठवीच्या मुलांची सहल नेणार आहोत. लालबाग हैदरअलीने बांधली असे पाठ्यपुस्तकात शिकवतो, पण तिथले काचगृह, पुतळे, वनस्पतींची लॅटिन नावे पाहिली की ती इंग्रजांची वाटते. शिवाय आमच्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते, तेव्हा मूळ बाग त्यांचीच असणार. मुलांना नेमके काय सांगावे? — निपाणी

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण सीमाभागातून गेलेल्या माणसाच्या मनात तो येणारच. १६३८ साली विजापूरचा सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांच्या मोहिमेत बेंगळुरू केंपेगौडा घराण्याकडून आदिलशाहीकडे आले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठिकाण झाले, हे खरे आहे. परंतु लालबागेची सुरुवात १७६० सालची, म्हणजे त्यानंतर १२२ वर्षांनी. मधल्या काळात मोगलांनी हे शहर घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना विकले. तेव्हा शहाजीराजांचा आणि या बागेचा संबंध जोडता येत नाही, आणि मुलांसमोर तो जोडू नये. मराठ्यांच्या वास्तव्याची खूण पाहायचीच असेल तर लालबागेपासून फार दूर नसलेल्या गविपुरम भागात मराठा समाजाचा गोसावी मठ आहे. मुलांना तिकडे नेता येईल.

आता हैदर की इंग्रज, हा प्रश्न. याचे उत्तर ‘दोघेही’ असे देऊन मोकळे होता येईल, पण मुलांना त्यातून काही कळणार नाही. लालबाग ही एका माणसाने आखून पूर्ण केलेली वास्तू नाही. ताजमहाल किंवा गोलघुमट जसा एका कारकिर्दीत उभा राहिला तशी बाग उभी राहत नाही; तिची जमीन वाढत जाते, झाडे मरतात, नवी लावली जातात आणि प्रत्येक नवा मालक आपल्याला हवे ते तिच्यात पेरतो. लालबागेत हे थर आजही वेगवेगळे ओळखता येतात, आणि माझ्या मते सहलीचा खरा अभ्यास तोच आहे.

पहिला थर हैदरअलीचा. बेंगळुरू त्याच्याकडे जहागीर म्हणून आले होते, आणि शिरा येथील मोगल धर्तीची बाग पाहून त्याने शहराबाहेर सुमारे ४० एकरांत तशीच बाग लावायला घेतली. टिपू सुलतानाने ती वाढवली आणि काबूल, इराण, तुर्कस्तान, मॉरिशस अशा ठिकाणांहून बिया आणि रोपे मागवली. परदेशी गेलेल्या वकिलांना राजकारणाबरोबर रोपे आणण्याचेही काम देणारा तो राज्यकर्ता होता. शहरातला पिढीजात माळीकाम करणारा तिगळ समाज या बागेच्या उभारणीशी जोडला जातो, हेही मुलांना सांगावे, नाहीतर बाग सुलतानांनी स्वतःच्या हातांनी लावली अशी त्यांची समजूत व्हायची. या थरातले आज काय उरले आहे? इमारती जवळजवळ नाहीत. काही जुनी आंब्याची झाडे त्या काळची मानली जातात.

१७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि बाग कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या हाती गेली. मेजर वॉ नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याकडे ती काही वर्षे होती, त्याने १८१९ मध्ये ती कंपनीला सोपवली, आणि कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातून डॉ. वॉलिक तिचा कारभार पाहू लागले. पुढची काही दशके तिला धड वाली नव्हता. १८३६ मध्ये एक कृषी-उद्यान मंडळ तिची देखभाल करू लागले, पण १८४२ मध्ये ते बंद पडले. अखेर १८५६ साली, कमिशनर मार्क कबन यांच्या कारकिर्दीत आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू क्लेघॉर्न यांच्या शिफारशीवरून, लालबाग सरकारी वनस्पती उद्यान म्हणून जाहीर झाली. तिचे पहिले नावाजलेले अधीक्षक विल्यम न्यू हे लंडनच्या क्यू उद्यानातून आले होते. झाडांवरच्या लॅटिन पाट्या हा या थराचा वारसा आहे: राजाच्या विहाराची बाग इथून पुढे वनस्पतींची प्रयोगशाळा झाली.

१८७४ ते १९०८ या काळात जॉन कॅमेरॉन अधीक्षक होते आणि आज दिसणारी लालबाग बरीचशी त्यांची आहे. त्यांनी परदेशांतली पिके इथे रुजवून पाहिली. बेंगळुरूच्या बाजारात सीमेबदनेकाई म्हणून मिळणारी आणि आता बेळगावच्या भाजी मंडईतही दिसणारी चाऊचाऊची फळभाजी त्यांनी आणली, असे मानले जाते. काचगृहाची कल्पनाही त्यांचीच. १८५१ च्या लंडन प्रदर्शनातल्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर ते बांधले गेले, ३० नोव्हेंबर १८८९ रोजी राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर यांनी त्याची कोनशिला बसवली, आणि त्याचे ओतीव लोखंडी खांब ग्लासगोच्या मॅकफार्लेन यांच्या सॅरासेन ओतशाळेतून जहाजाने आले. पण मुलांना काचगृहाच्या पूर्वेकडच्या भागापाशी नेऊन एवढे जरूर सांगा, की तो भाग १९३५ मध्ये वाढवला तेव्हा पोलाद ग्लासगोहून आणावे लागले नाही, म्हैसूर संस्थानाच्या भद्रावतीच्या कारखान्याचे वापरले गेले. दोन काळांचे लोखंड एका छपराखाली उभे आहे आणि ते जिथे एकमेकांना भेटते ती जागा मुले स्वतः शोधू शकतील.

कॅमेरॉननंतर आलेले गुस्ताव्ह क्रुम्बिगल हे जर्मन. आपल्या वाचकांसाठी त्यांच्याबद्दलची एक गोष्ट महत्त्वाची: क्यूहून ते हिंदुस्थानात आले ते १८९३ मध्ये, बडोद्याला, सयाजीराव गायकवाडांच्या उद्यानांचे काम पाहण्यासाठी. म्हैसूरला ते नंतर गेले. तेव्हा लालबागेच्या इतिहासात मराठी संस्थानाचा धागा शोधायचाच असेल तर तो शहाजीराजांपाशी नसून इथे आहे. त्यांच्यामागून १९३२ मध्ये एच. सी. जवराय अधीक्षक झाले, ते पहिले भारतीय. पुढे एम. एच. मरिगौडा यांनी १९५१ ते १९७४ या काळात फळबागांचे शास्त्र लालबागेच्या कुंपणाबाहेर, राज्यभरच्या शेतकऱ्यांपर्यंत नेले. बागेत आणि शहरभर फळे-भाज्या विकणारी हॉपकॉम्सची दुकाने मुलांना दिसतीलच. ती सहकारी संस्थाही मरिगौडांच्याच पुढाकाराने १९५९ मध्ये सुरू झाली.

एवढे सगळे एका सहलीत सांगू नये. माझी सूचना अशी, की वर्गाचे चार गट करावेत, प्रत्येकाला एक थर द्यावा आणि त्या थराची बागेतली एक खूण शोधून तिच्यापाशी उभे राहून पाच वाक्ये बोलायला लावावीत. हैदर-टिपूच्या गटाचे काम सर्वांत अवघड जाईल, कारण त्यांना फक्त झाडेच सापडतील.

प्रश्न : प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास लालबागेत फुलांचे मोठे प्रदर्शन असते. खास त्यासाठी बेळगावहून जावे का? — शहापूर, बेळगाव

फुलांची आवड असेल आणि गर्दीचा त्रास होत नसेल तर जावे. ज्यांना बाग पाहायची आहे त्यांनी मात्र त्या दिवसांत जाऊ नये.

प्रदर्शन वर्षातून दोनदा, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट या दिवसांना धरून भरते आणि बरेच दिवस चालते. काचगृहात लाखो फुलांची एखादी मोठी प्रतिकृती उभी करतात, आणि ते काम खरोखर कसबाचे असते यात शंका नाही. परंतु तिच्याभोवती इतकी माणसे दाटलेली असतात, की पुढच्याच्या खांद्यावरून मोबाइल वर धरलेले हातच जास्त दिसतात. त्या दिवसांत तिकीट वेगळे आणि अधिक असते, आसपासच्या रस्त्यांवर वाहनतळाची मारामार होते. जायचेच असेल तर सोमवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस निवडावा, दरवाजा उघडताच आत शिरावे आणि गाडी न नेता मेट्रोनेच जावे. शनिवार-रविवार आणि प्रत्यक्ष २६ जानेवारीचा दिवस टाळावा.

फुलांसाठीच जायचे तर प्रदर्शनाहून चांगला एक मार्ग आहे. क्रुम्बिगल यांनी बेंगळुरूच्या रस्त्यांसाठी आणि बागांसाठी झाडे निवडताना एकाचा बहर ओसरत आला की दुसऱ्याचा सुरू व्हावा असे पाहिले होते. त्यामुळे हिवाळा संपताना गुलाबी आणि पिवळी टॅबेबुया फुलते, मागोमाग नीलमोहोर, आणि एप्रिल-मेमध्ये गुलमोहर. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत कोणत्याही सकाळी गेलात तरी कुठले ना कुठले झाड फुललेले मिळेल, तेही धक्काबुक्कीवाचून. आमची शिफारस याच दिवसांची आहे. बेळगावपेक्षा बेंगळुरू अधिक उंचावर असल्यामुळे सकाळी हवेत गारवा असतो, ज्येष्ठांनी शाल जवळ ठेवावी.

प्रश्न : मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी आहे. लालबागेतला खडक जगातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी आहे असे म्हणतात. आमच्या गोकाकच्या धबधब्याचा खडकही जुना आहे. त्यात काय विशेष? — गोकाक

तुमच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हा खडक जितका कळेल तितका इतरांना कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या भोवती तीन-चार प्रकारचे खडक आहेत. बेळगावच्या उत्तरेला आणि पश्चिमेला दिसणारा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. बेळगाव या लाव्हाच्या पठाराच्या दक्षिण कडेवर वसले आहे. त्याच्या माथ्यावर ठिकठिकाणी तांबडा, सच्छिद्र जांभा आहे, जो खडक झिजून बनला आणि ज्याच्या चिऱ्यांची घरे खानापूर भागात दिसतात. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते तो कलादगी गटातला वालुकाश्म आहे, म्हणजे पाण्याने वाहून आणलेल्या वाळूचे थर घट्ट होऊन झालेला. तो बेसाल्टपेक्षा पुष्कळ जुना आहे.

आणि या सगळ्यांच्या खाली, पाया म्हणून जो खडक आहे, त्याच्या जातीचा खडक लालबागेत उघडा पडलेला आहे. त्याला द्वीपकल्पीय नीस म्हणतात आणि त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे सांगितले जाते. हे नाव म्हैसूर संस्थानाच्या भूगर्भ खात्यातील डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ मध्ये रूढ केले, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लालबागेतल्या या टेकाडाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान्यता दिली आहे. तसा फलक तिथे लावलेला आहे. फलक वाचून परत फिरणारे पुष्कळ असतात. तुम्ही मात्र खाली वाकून पाहा. गडद आणि फिकट खनिजांचे पट्टे एकाआड एक दिसतील, काही ठिकाणी ते पीठ मळल्यासारखे वळलेले असतील, आणि काही ठिकाणी नंतर घुसलेल्या फिकट शिरा त्यांना आडव्या कापत गेलेल्या असतील. कोणती शीर कोणत्या पट्ट्याला कापते हे पाहिले की घटनांचा क्रम लावता येतो: जी कापते ती नंतरची. हा धडा पुस्तकात आकृतीवरून शिकण्यापेक्षा इथे गुडघे टेकून शिकणे सोपे आहे. हातोडी मात्र घरी ठेवून जा. स्मारकाचा तुकडा काढणे गुन्हा आहे, आणि नमुनाच हवा असेल तर बेंगळुरूच्या आसपासच्या खाणींत याच जातीचा दगड फुटत असतो.

एक आणखी. हा खडक हैदरच्या बागेत नव्हताच. १८९१ साली बाग वाढवताना तो तिच्यात घेतला गेला. त्याच्यावरचा छोटा मनोरा केंपेगौडा घराण्याने उभारलेल्या चारांपैकी एक आहे, आणि शहर या चार मनोऱ्यांच्या पलीकडे वाढणार नाही अशी त्यांची समजूत होती असे सांगतात. खडकावर उभे राहून चारी दिशांना पाहिलेत की त्या समजुतीचे काय झाले ते दिसतेच. बागेत जवळपास २ कोटी वर्षांपूर्वीच्या अश्मीभूत झाडाचा एक बुंधाही ठेवला आहे, तो तमिळनाडूतील तिरुवक्कराईचा. दोन्ही एकाच सकाळी पाहिले तर भूगर्भशास्त्रात ‘जुने’ कशाला म्हणावे याचा अंदाज येईल.

प्रश्न : आम्हाला कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही. तिथे अडचण येईल का? कॅमेरा चालतो का? आणि वेळ थोडा असेल तर लालबाग पाहावी की कबन पार्क? — अथणी व संकेश्वर येथील दोन पत्रे

अडचण येणार नाही. झाडांवरच्या आणि रस्त्यांवरच्या पाट्या कन्नड आणि इंग्रजीत आहेत, आणि आपल्या बाजूचे कन्नड ऐकून समोरच्याने ‘कुठले तुम्ही, हुबळीचे का’ असे विचारले तर वाईट वाटून घेऊ नये. आपल्या बोलीला तिथे उत्तर कर्नाटकाची बोली म्हणूनच ओळखतात आणि बहुधा आपुलकीने ऐकतात. मोबाइलवर फोटो काढायला हरकत नसते, चित्रीकरणासाठी आणि लग्नापूर्वीच्या फोटोंसाठी परवानगी लागते. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नयेत.

कबन पार्क १८७० मध्ये आखले गेले आणि ते शहराच्या मधोमध, न्यायालय, ग्रंथालय आणि विधानसौध यांच्या शेजारी आहे. व्हॅक्सिन डेपोत रोज सकाळी फिरणाऱ्या बेळगावकरांना तिथे लगेच घरच्यासारखे वाटेल. लालबाग मात्र वनस्पतींचा संग्रह आहे, तिथे १८०० हून अधिक जातींची झाडे-झुडपे आहेत. एक तास असेल तर कबन पार्क, तीन तास असतील तर लालबाग.

प्रश्न : आमची थोडी शेती आहे आणि घराभोवती मोकळी जागा आहे. लालबागेतून कलमे-रोपे आणून इथे लावली तर जगतील का? — उचगाव

लालबागेत रोपांची विक्री होते आणि तिथली रोपे सहसा खात्रीची असतात. परंतु बेंगळुरूची हवा आणि आपली हवा यांत एक महत्त्वाचा फरक आहे तो लक्षात घ्यावा. तिथला पाऊस मे महिन्यापासून अधूनमधून पडत राहतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्त असतो. उचगावला, सह्याद्रीच्या जवळ असल्यामुळे, जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस झड लागते आणि पाणी साचते. तिथल्या तांबड्या, निचऱ्याच्या मातीत मजेत वाढणारी गुलाबाची, बोगनवेलीची आणि निवडुंगाच्या जातीची रोपे इथे पहिल्याच पावसाळ्यात मुळे कुजून मरतात. ती घ्यायची असतील तर कुंडीत ठेवून वळचणीखाली वाढवावीत.

शोभेची मोठी झाडे घेताना त्यांची पूर्ण वाढ डोळ्यांसमोर ठेवावी. लालबागेत कुक पाइन नावाचे, बेंगळुरूत ख्रिसमस ट्री म्हणून ओळखले जाणारे ॲरोकेरिया आहेत. १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांनी त्यातलेच एक लावले होते. कुंडीतले हातभर रोप मोहक दिसते, पण ते चार मजली घरापेक्षा उंच जाते आणि पावसाळी वाऱ्यात अंगणात नकोसे होते. त्याऐवजी तामण, सीता अशोक, बहावा घ्यावेत, आणि ही रोपे तर बेळगावातही मिळतात. लालबागेतून आणायचीच तर आंबा, चिकू, सीताफळ यांची कलमे आणावीत. कलमाचा जोड नीट पाहून घ्यावा, जोडाच्या खालून फुटवे आलेले असतील तर ते कलम घेऊ नये.

आणण्याची पद्धत अशी: रोपे परतीच्या दिवशीच विकत घ्यावीत, आदल्या दिवशी पाणी दिलेली मागून घ्यावीत आणि पिशवीची माती ओली ठेवावी, पण पाणी गळेल इतकी नव्हे. ती खोक्यात उभी, एकमेकांना टेकवून ठेवावीत आणि रेल्वेत सीटखाली खोके ठेवावे, वरच्या फळीवर नको. घरी आणल्यावर लगेच जमिनीत लावू नयेत. आठ-दहा दिवस सावलीत ठेवून मग खड्ड्यात लावावीत. उचगावसाठी लागवडीची चांगली वेळ ऑगस्ट संपल्यावरची, झड ओसरून जमिनीत ओल टिकून असते तेव्हाची, त्यामुळे जानेवारीत फुलांच्या प्रदर्शनाला जाऊन रोपे आणणार असाल तर तोवरचे आठ महिने ती कुंडीत किंवा मोठ्या पिशवीत सांभाळण्याची तयारी ठेवूनच आणावीत.